पानातलं रान

मराठी माणसाला जयपूर ठाऊक असतं ते गाण्याच्या घराण्यासाठी, हलक्याफुलक्या रजईसाठी आणि ‘जयपूर फूट’साठी. म्हणजे आपला कान, आपली पाठ आणि आपला पाय, एवढ्या तिघांची सोय या शहरानं परस्पर लावून दिलेली आहे. जिभेचं काय, असं विचारलं तर दालबाटी, घेवर आणि प्याज की कचोरी ही नावं पुढे येतात. ती खोटी नाहीत, पण ती आल्यागेल्यासाठी आहेत, ओसरीवर अंथरलेल्या बऱ्यापैकी सतरंजीसारखी. घराच्या आतलं जयपूर पाहायचं तर एखाद्या राजपूत कुटुंबातल्या लग्नाला जावं आणि जेवणाच्या लांबलचक टेबलाची दोन टोकं न्याहाळावीत. एका टोकाला तांब्याच्या हंडीत ‘जंगली मांस’ मंद रटरटत असतं. दुसऱ्या टोकाला, शाकाहारी मंडळींच्या बाजूला, लहानशा भांड्यात काटक्या आणि सुरकुतलेले मणी एकत्र परतावेत अशी एक काळपट भाजी असते, आणि तिच्यामागचा वाढपी ती इतक्या जपून वाढतो, की त्याला वजनकाटा का दिला नाही असा प्रश्न पडतो. मधल्या जागेत पनीर आणि नूडल्स असतात. पण ते हल्ली देशभरातल्या सगळ्याच लग्नांना वऱ्हाडाच्या आधी येऊन बसलेले असतात, त्यांची चौकशी करण्याचं कारण नाही. माझं मन रमतं ते त्या दोन टोकांत. कारण एक टोक अतिभरल्या पोटानं शोधून काढलेलं आहे, आणि दुसरं रिकाम्या पोटानं.

जंगली मांसाची कृती लिहायला पोस्टकार्डसुद्धा मोठं पडेल. मांस, तूप, मीठ, सबंध लाल मिरच्या आणि लागेल तसं पाणी. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही. सांगतात ते असं, की शिकारीच्या मुक्कामावर खानसाम्याच्या हाताशी एवढंच असायचं. हरीण मिळो की रानडुक्कर, तेवढ्यावर भागवायचं. ही गरिबी नव्हे, ही गरिबीची हौस. मसाल्याचा डबा घरी राहिला तरी तुपाचा डबा कुणी घरी विसरलेला दिसत नाही. याच मुक्कामांवरचा दुसरा पदार्थ म्हणजे खड खरगोश. ससा साफ करून त्याला मसाला चोळायचा, रोट्यांमध्ये गुंडाळायचा, वरून ओलं गोणपाट लपेटायचं आणि जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात, निखाऱ्यांच्या मधोमध, मातीखाली पुरून ठेवायचा. काही तासांनी माती उकरून पुडकं बाहेर काढलं की मांस हाडावरून आपोआप सुटलेलं असतं. सशाचा जन्मभराचा भरवसा बिळावर. त्याला मेल्यावरही बिळातच नेऊन ठेवणारे हे लोक क्रूर म्हणावेत की विचारी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

आता त्या बिळात कोंबडी असते. हॉटेलांच्या मेनूवर ‘खड मुर्ग’ म्हणून ती सन्मानानं छापलेली असते, आणि बिळाचा कसलाही पूर्वानुभव नसताना ती आपली भूमिका समजून पार पाडते. जंगली मांसाच्या हंडीत बकरा असतो. त्या बिचाऱ्यानं हयातीत जंगल पाहिलं असेल ते फार तर रस्त्याच्या दुभाजकावरचं. तरी नाव बदललेलं नाही. संस्थान विलीन झाल्यावरही ‘हुकुम’ ही हाक जशी हवेत राहिली, तसं हंडीतून रान निघून गेलं आणि रानाचं नाव तेवढं तुपावर तरंगत राहिलं.

हे रान लहान नव्हतं. आजचं रणथंभोर ही जयपूरच्या महाराजांची खाजगी शिकारभूमी होती. १९६१ साली इंग्लंडची राणी जयपूरला आली तेव्हा तिचे पती प्रिन्स फिलिप यांनी तिथं वाघ मारला होता. जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, आजही चीतेवालान नावाचा मोहल्ला आहे. तिथं दरबारच्या चित्त्यांना सांभाळणारी माणसं राहत. डोळ्यांवर टोपरं बांधलेला चित्ता खाटेवर ऐसपैस बसला आहे आणि शेजारी त्याचा रखवालदार, अशी जुनी छायाचित्रं पाहिली की त्या गल्लीतल्या घरांचं भाडं कोण ठरवत असेल असा विचार मनात येतो. मराठी वाचकाला हे चित्र अगदीच परकं वाटू नये. शाहू महाराजांच्या कोल्हापुरातही शिकारीचे चित्ते होते. आणि जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्यात जन्मलेले अल्लादिया खाँसाहेब १८९५ मध्ये त्याच कोल्हापूरच्या दरबारी रुजू झाले. जयपूरचं गाणं आपल्याकडे पंचगंगेच्या काठी मोठं झालं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण इकडे लाल मांस आणि सफेद मांस, तिकडे तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा, ही जुळणी मला सुरांच्या जुळणीइतकीच गूढ वाटते. दोन्ही गावांनी एकमेकांना विचारून हे केलेलं नाही. चित्ते पाळणाऱ्या गावांना बहुधा रस्साही जोडीनंच लागत असावा.

मग १९७१ च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे गेले आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. एका वर्षाच्या आत खर्चायचे पैसेही गेले आणि मारायची जनावरंही. रणथंभोर १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं. ज्या वाघाला मारण्यासाठी परदेशी पाहुणे येत, त्याला नुसतं बघण्यासाठी आता ते पहाटे चार वाजता उठून उघड्या जीपमध्ये कुडकुडत बसतात. वाघाच्या दृष्टीनं ही प्रगती आहे. सशाचं मत कुणी विचारलेलं नाही, पण तेही फार वेगळं नसावं.

राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत आणखीही चमत्कार होते. लसणाची खीर त्यातलीच. लसणीच्या पाकळ्या पुन्हा पुन्हा नव्या पाण्यात उकळून त्यांचा वास पार घालवायचा आणि मग आटीव दुधात शिजवायच्या. खाणारा बदाम समजून खातो आणि खानसामा दाराआडून हसतो. ज्यांच्या घरी सगळंच असतं, त्यांना शेवटी असं काहीतरी हवं असतं जे ओळखू येणार नाही. जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवींच्या मातोश्री इंदिराराजे, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून त्या कूचबिहारला गेल्या, तेव्हा धाडस हा त्यांच्या स्वभावाचाच भाग. गायत्रीदेवींनी आठवणींत लिहिलं आहे, की लझानियाची खरी चव आपल्या आचाऱ्याला कळावी म्हणून आईनं त्याला रोमच्या एका नामांकित हॉटेलात नेलं होतं. एका मराठी मुलीनं बंगालच्या उत्तर टोकाच्या आचाऱ्याला इटलीत नेऊन समोर बसवावं आणि ‘हं, खा, आणि लक्षात ठेव’ म्हणावं, हे दृश्य मी मनाशी अनेकदा रंगवलं आहे. त्या आचाऱ्यानं पहिला घास घेऊन काय म्हटलं असेल? मला वाटतं, मीठ कमी आहे, एवढंच.

याच्या बरोबर उलट वागले ते जयपूरचे सवाई माधोसिंह. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी त्यांना विलायतेला जावं लागलं. त्यांच्या लेखी सबंध इंग्लंड हाच एक विचित्र खाद्यपदार्थ होता. ‘ऑलिम्पिया’ नावाचं नवंकोरं जहाज त्यांनी भाड्यानं घेतलं, ज्याच्या स्वयंपाकघरात कधी गोमांस शिजलेलं नव्हतं. आणि पिण्यासाठी गंगाजळ नेलं ते चांदीच्या प्रचंड घागरींतून. त्यातल्या दोन आजही सिटी पॅलेसमध्ये उभ्या आहेत. एकेकीचं वजन सुमारे ३४५ किलो, आणि पोटात सुमारे चार हजार लिटर पाणी मावतं. हजारो झाडशाही रुपये वितळवून त्या घडवल्या. माणसं विचित्र अन्न खाण्यासाठी जगभर फिरतात. विचित्र अन्न टाळण्यासाठी एवढा खटाटोप केलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. त्या घागरींसमोर उभं राहिलं की प्रवासात थेपले आणि दशम्या नेणाऱ्या आपल्या मावश्या-काकवांबद्दलचा आदर एकदम वाढतो. भावना तीच, धातू वेगळा.

चांदीचा विषय निघालाच आहे तर परकोट्यातल्या पन्नीगरांच्या मोहल्ल्यात डोकावून यायला हवं. सकाळी त्या गल्लीत शिरलं की उंबऱ्यापाशी बसलेली माणसं दिसण्याआधी हातोड्या ऐकू येतात. एकाच लयीतले, न घाईचे, न थकणारे घाव. मांडीपुढे दगड, दगडावर जाड वही, वहीच्या पाना-पानांत चांदीचे इवलेसे तुकडे. तासन् तास ठोकल्यावर वही उघडतात तेव्हा प्रत्येक पानावर वर्ख पसरलेला असतो, इतका पातळ, की कारागीर बोलताना तोंड दुसरीकडे वळवतो. शब्दाच्या वाऱ्यानंही तो उडून जाईल. हा वर्ख काजूकतलीवर बसतो आणि आपण तो खातो. त्याला चव नाही, वास नाही. हे निव्वळ धातू खाणं आहे. आणि गंमत याहून खोल आहे. पूर्वी त्या वहीची पानं जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्याची असत, कारण इतका मार खाऊनही न फाटणारं दुसरं काही हाताशी नव्हतं. कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरांत, देवापुढच्या नैवेद्यावर, हा वर्ख पिढ्यान् पिढ्या चमकत राहिला. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्खासाठी प्राण्यांपासूनची कुठलीही वस्तू वापरायला बंदी घातली. तेव्हा कुठे मिठाई पूर्ण शाकाहारी झाली. देवानं मधल्या काळात तक्रार केल्याची नोंद नाही.

आता त्या दुसऱ्या टोकाकडे, लहान भांड्यातल्या काळपट भाजीकडे. तिचं नाव केर-सांगरी, आणि आणखी सोबती जमले की पंचकूटा. पहिल्यांदा पानात आली तेव्हा मला ती अगदीच अनोळखी वाटली होती. जयपूरमधल्या आमच्या शेजारच्या भाभीसांनी तिचं कूळ समजावून सांगितलं तेव्हा कळलं, की ही तर सगळी आपलीच माणसं आहेत, फक्त इकडे स्थायिक झालेली. केर म्हणजे आपल्या माळरानावरची नेपती. गूंदा म्हणजे भोकर, ज्याचं आपण लोणचं घालतो. कुमटिया म्हणजे अरबी डिंकाच्या झाडाच्या चपट्या बिया. आणि सांगरी? सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे शमी. जिची पानं आपण गणपतीला वाहतो, जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं लपवली असं आपण दसऱ्याला मुलांना सांगतो, तीच. आपण तिच्यापुढे हात जोडून थांबलो. इथल्या माणसांनी हात जोडले आणि मग तेच हात वर करून शेंगा तोडल्या. याच झाडासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. एवढं सगळं त्या काळपट काटकीत आहे हे कळल्यावर घास जरा हळू चावला जातो.

भाभीसांच्या स्वयंपाकघरात ही भाजी म्हणजे दोन दिवसांचं काम. कच्चा केर इतका कडू, की तो खाण्याजोगा आहे हे पहिल्यांदा ज्यानं ठरवलं त्याला दुसरा काही पर्यायच नसणार. वाळलेले केर आदल्या रात्री ताकात बुडवायचे, सकाळी ते ताक फेकून नव्या पाण्यात चोळून धुवायचे, पुन्हा भिजवायचे. सांगरी वेगळी भिजत असते. मग दोन्ही उकडून, निथळून, सरसोंच्या तेलात ओवा, सुक्या मिरच्या आणि आमचूर घालून सावकाश परतायचं. भाजी तयार झाली की आठवडाभर टिकते, कारण तिच्यात पाण्याचा थेंब उरलेला नसतो. घरातले पुरुष अंगणात लाल मांस रांधत असतात, त्याचा मोठा गाजावाजा. मथानियाच्या मिरच्यांचा ठसका गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. आत, ओट्याच्या कोपऱ्यात, केर मुकाट्यानं कडूपणा सोडत असतात.

भाभीसांच्या आजेसासू, ज्यांना सगळे दादीसा म्हणतात, मांसाला कधी शिवल्या नाहीत, पण केर-सांगरीवर त्यांचा करडा पहारा असतो. त्यांनीच मला छप्पनियाची गोष्ट सांगितली. विक्रम संवत १९५६, म्हणजे आपलं १८९९-१९००. त्या वर्षी सगळ्या राजपुतान्यात पाऊस पडला नाही. धान्य संपलं, गुरं गेली, आणि मग लोकांनी खेजडीच्या शेंगा संपवल्यावर तिची सालसुद्धा सोलून, कुटून, पिठात मिसळून खाल्ली. दादीसांनी हे पाहिलेलं नाही, त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं आहे; पण सांगताना त्यांचा आवाज असा खाली जातो, की जणू दुष्काळ शेजारच्या खोलीत झोपला आहे आणि त्याला जाग येता कामा नये. आज बाजारात सुकी सांगरी बदामाच्या भावाशी बरोबरी करते. ज्यांच्या पणजोबांनी ती नाइलाजानं चावली, ते आता ती पाहुण्यांना मिरवून वाढतात. आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला राजेलोकांचं रान एका बकऱ्यावर येऊन थांबलं आहे. भरल्या पोटानं शोधलेलं विरून गेलं, रिकाम्या पोटानं शोधलेलं महाग झालं. ही दोन टोकं एकदा मात्र एकाच पानावर आली होती, फार दूर पॅरिसमध्ये. १८७० च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं शहर वेढलं, अन्न संपलं, तेव्हा प्राणिसंग्रहालयातले प्राणी खाटकाकडे गेले. आणि ‘व्हॉइझँ’ नावाच्या हॉटेलानं नाताळच्या मेनूत हत्तीचं सूप, उंटाचा रोस्ट आणि उंदरांनी वेढलेलं मांजर सुबक अक्षरांत छापलं. उपासमारीला टेबलक्लॉथ घालण्याचा एवढा देखणा प्रयत्न दुसरा नसेल. जयपूरच्या रस्त्यावरच्या उंटाला ही बातमी कुणी सांगू नये. तो २०१४ पासून राज्यपशू आहे आणि त्या मानानं वागतो.

एका दुपारी दादीसा आमच्याकडे आल्या तेव्हा मी गोडा मसाला करत होते. ताटात सगळं वेगवेगळं मांडलेलं. धने, तीळ, खोबरं त्यांनी ओळखलं, नागकेशराला मान डोलावली, आणि मग बोट दगडफुलापाशी थांबलं. हे काय? मी म्हटलं, दगडावर उगवतं. त्यांनी एक वाळकं, राखाडी-काळं पापुद्र्यासारखं फूल उचललं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेलं, दातांखाली धरून पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अतिशय हळुवारपणे, ज्या खालच्या आवाजात छप्पनियाची गोष्ट सांगत त्याच आवाजात, त्यांनी विचारलं, “थांके भी काळ पड्यो छो कांई?” तुमच्याकडेही दुष्काळ पडला होता का.

मला आधी हसू आलं. दगडफूल आम्ही भुकेपोटी खात नाही, गरम तेलात त्याचा वास सुटतो म्हणून घालतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण मग आमच्या नगर जिल्ह्यातला १९७२ चा दुष्काळ आठवला, म्हणजे आईनं सांगितलेला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका, तिथं वाटली जाणारी सुकडी, आणि रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो, जिची भाकरी तव्यावरच चिरफळायची. ज्या वर्षी इकडे राजांच्या पानातलं हरीण कायद्यानं उठलं, त्याच वर्षी तिकडे आमच्या पानात मिलो येऊन बसली होती. मिलोला मात्र कुठल्याच लग्नात जागा मिळाली नाही. आई तिचं नाव आजही तोंड वाकडं करून घेते. बाजरी, नाचणी, भगर यांना २०२३ मध्ये सगळ्या जगानं वर्षभर मानपान दिला, त्याही पंगतीत मिलोची आठवण कुणी काढली नाही. दुष्काळात खाल्लेलं सगळंच पुढे लाडकं होत नाही. बोटीतून उतरलेलं धान्य पोट भरून निघून जातं. दारात उभं राहून, स्वतः तहानलेलं असताना जे झाड देतं, त्याचं ऋण माणसं जिभेवर ठेवतात.

मी दादीसांना म्हटलं, हो, पडला होता. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आमची ओळख तशी जुनी होती, पण त्या दिवसापासून त्या मला घरातली समजू लागल्या. दगडफुलाबद्दलची सहानुभूती मी परत केली नाही. इतक्या मायेनं दिलेली वस्तू कुणी परत करत नाही. जाताना त्यांनी मूठभर दगडफूल पदराच्या टोकाला बांधून घेतलं आणि उंबऱ्यावर थांबून एकच गोष्ट विचारली: ताकात किती वेळ भिजवायचं? हे खाण्याजोगं आहे की नाही, असा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. दादीसांच्या हिशेबी जगात न खाण्याजोगं असं काही नाहीच. भिजवण्याचा वेळ तेवढा कमी-जास्त.